'पानी' म्हटलं की हसता काहून?

"तुमची भाषा ऐकायला किती मजा येते हो!"

बुलढाणा-अकोला-अमरावतीकडचा माणूस पुण्या-मुंबईत गेला आणि पहिल्या आठवड्यात हे वाक्य त्याच्या कानावर पडलं नाही, असं होत नाही. म्हणणारा वाईट मनाचा नसतो. त्याला खरोखरच मजा आलेली असते. पण बोलणाऱ्यानं मजा यावी म्हणून तोंड उघडलेलं नसतं. त्यानं खोलीचं भाडं विचारलेलं असतं.

सध्या मोबाईलवर वऱ्हाडी रील्सचा पूर आलाय. त्यातल्या काही मलाही आवडतात. पण खालच्या कमेंट वाचा. 'हसून हसून मेलो', 'गावठी पण गोड', 'ही भाषा ऐकली की टेन्शन जातं'. कोणी पिकाच्या भावावर पोटतिडकीनं बोलत असला तरी खाली हसण्याचे इमोजी. म्हणून आज सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आपल्या राज्यात एक यादी सगळ्यांना तोंडपाठ आहे. पुणेरी म्हणजे शुद्ध. कोल्हापुरी म्हणजे रांगडी. मालवणी म्हणजे खट्याळ. मराठवाड्याची म्हणजे धसमुसळी. अहिराणी म्हणजे 'काही कळतच नाही बुवा'. आणि वऱ्हाडी म्हणजे विनोदी. ही यादी कोणत्या पुस्तकात नाही, कोणत्या वर्गात शिकवली नाही. तरी पोरापासून थोरापर्यंत प्रत्येकाला माहीत आहे.

माझा प्रश्न साधा आहे. शुद्धपणा, रांगडेपणा, विनोदीपणा हे गुण त्या भाषेत असतात, की ऐकणाऱ्याच्या कानात?

माझं उत्तरही साधं आहे. कानात असतात. आणि तो कान कोणी घडवला? ज्याच्या हाती खुर्ची, छापखाना आणि पगारपत्रक होतं त्यानं. आता पुरावा देतो.

पहिला पुरावा रोजच्या पिण्याचा. 'पाणी' म्हणावं की 'पानी'? आपल्याकडं 'ण' म्हणणारा शिकलेला आणि 'न' म्हणणारा अडाणी. आणी-बाणीचा, न-णचा हा विनोद किती पिढ्या चाललाय! आता रेल्वेत बसा आणि दिल्लीला जा. तिथं प्रमाण हिंदीत 'पानी' शुद्ध. आणि 'पाणी' कोण म्हणतं? हरियाणातला शेतकरी. त्याच्या 'ण'वर दिल्लीवाले हसतात, गावठी म्हणतात. म्हणजे जो 'ण' पुण्यात पदवीधर आहे, तोच दिल्लीत गेल्यावर म्हशीमागं चालतो. आणि आपला बदनाम 'न' दिल्लीत सुटाबुटात फिरतो. अक्षर तेच, जीभ तीच, टाळू तोच. बदलला फक्त गावाचा मालक.

दुसरा पुरावा साता समुद्रापलीकडचा. विल्यम लबॉव नावाचा एक भाषाशास्त्रज्ञ १९६२ साली न्यूयॉर्कमधल्या तीन मोठ्या दुकानांत फिरला. एक श्रीमंतांचं, एक मध्यमवर्गाचं, एक स्वस्तातलं. चौथ्या मजल्यावर काय मिळतं ते आधी बघून ठेवायचं आणि तीच वस्तू कुठं मिळेल म्हणून विचारायचं. उत्तर येणार 'फोर्थ फ्लोअर'. ऐकू न आल्याचं सोंग करून पुन्हा म्हणायला लावायचं. या दोन शब्दांतला 'र' कोण स्पष्ट उच्चारतं, एवढंच तो टिपत होता. महागड्या दुकानातले विक्रेते 'र' जास्त म्हणत होते, स्वस्त दुकानातले खाऊन टाकत होते. न्यूयॉर्कमध्ये 'र' म्हणजे प्रतिष्ठा. आणि लंडनमध्ये? तिथल्या साहेबी इंग्रजीत हाच 'र' खाल्ला जातो, आणि तो स्पष्ट म्हणणारा खेड्यातला समजला जातो. आमच्या 'न'-'ण'चीच गोष्ट, फक्त कोट-टाय घालून.

तिसरा पुरावा सगळ्यात महत्त्वाचा. ग्रीस देशात अथेन्सची बोली प्रतिष्ठित, क्रीट बेटावरची गावंढळ मानतात. १९७०च्या दशकात हॉवर्ड जाइल्स, पीटर ट्रडगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन्ही बोली ब्रिटनमधल्या अशा लोकांना ऐकवल्या, ज्यांना ग्रीकचं एक अक्षर कळत नव्हतं. विचारलं, कोणती कानाला बरी वाटते? त्यांना ग्रीकांसारखा उच्च-नीच फरक जाणवलाच नाही. अथेन्सची भाषा जात्याच गोड असती तर परक्या कानालाही गोड लागली असती. नाही लागली. कारण अथेन्स राजधानी आहे, हे त्या कानांना माहीत नव्हतं.

उद्या एखाद्या जपानी माणसाला पुण्यातल्या प्राध्यापकांचा आणि आमच्या बाजार समितीतल्या हमालाचा आवाज ऐकवा. शुद्ध कोण ते विचारा. त्याला काही सांगता येणार नाही. सांगता येईल फक्त आपल्याला.

आणि आपल्याला म्हणजे कोणाला? नुसतं पुणेकरांना नाही. वॉलेस लँबर्ट यांनी माँट्रियल शहरात केलेला आणि १९६०मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. एकाच माणसाचा आवाज एकदा इंग्रजीत, एकदा फ्रेंचमध्ये ऐकवला; माणूस एकच आहे हे ऐकणाऱ्यांना सांगितलं नाही. इंग्रजीतला आवाज जास्त हुशार आणि जास्त भरवशाचा ठरला. गंमत म्हणजे घरी फ्रेंच बोलणाऱ्यांनीही आपल्याच भाषेतल्या आवाजाला कमी गुण दिले. आमच्याकडं पोराला 'मले-तुले करू नको, नीट बोल' म्हणून दटावणारी माय वऱ्हाडीच असते. मार पुण्याचा नसतो, पण छडी तिथली असते.

आता ही छडी आली कुठून ते बघू. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६चं. ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत शाळा काढायच्या, पुस्तकं छापायची, तर कोणती तरी एक मराठी धरावी लागणार होती. पेशवाई नुकतीच संपलेली. पंडित-शास्त्री पुण्याचे, छापखाने मुंबई-पुण्याचे. साहजिकच पुण्याकडच्या शिकलेल्या, बहुतांशी ब्राह्मण घरांतलं बोलणं 'मराठी' ठरलं आणि बाकीच्यांचं बोलणं 'बोली' झालं. यात कोणाला दोष देण्याचं कारण नाही. पण हे नीट समजून घ्या. ती भाषा जास्त शुद्ध होती म्हणून निवडली गेली नाही. निवडली गेली म्हणून शुद्ध ठरली.

१९५६पर्यंत नागपूर ही राजधानी होती. त्या राज्यात मराठीची राजधानीची बोली कोणती असती? नागपुरी-वऱ्हाडीच की! विदर्भ आधी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६०मध्ये महाराष्ट्रात आला. राजधानी गेली, तसा कानही गेला.

आता ३ ऑक्टोबर २०२४ आठवा. केंद्रानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, पेढे वाटले. मराठीचं प्राचीनपण सांगताना आपण कोणत्या ग्रंथाचं नाव छाती फुगवून घेतो? लीळाचरित्राचं. तेराव्या शतकातला तो गद्य ग्रंथ कुठं सिद्ध झाला? अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. मराठी भाषा विद्यापीठही तिथंच सुरू झालंय. म्हणजे मराठीच्या जन्मपत्रिकेवर गाव आमचं, आणि शुद्धतेच्या परीक्षेत नापास आम्ही. हा कोणता न्याय?

शेजारी खानदेशात बघा. बहिणाबाई चौधरी. आसोद्याचं माहेर, लिहिता-वाचता येत नव्हतं, लेवा बोलीत ओव्या-गाणी रचली. १९५२मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांचं पुस्तक आलं आणि अख्खा महाराष्ट्र थक्क झाला. आज पाठ्यपुस्तकात त्या आहेत, जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण त्यांच्याच गावाकडची पोरगी तोंडी परीक्षेत त्यांच्याच बोलीत उत्तर देऊ लागली तर? समोरचे गालात हसतील. बोली कवितेत चालते, नाटकात चालते, फोटोला हार घालायला चालते. तोंडात चालत नाही.

नाटकाचं निघालं म्हणून सांगतो. मच्छिंद्र कांबळींचं 'वस्त्रहरण', लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला'. हजारांनी प्रयोग झाले. त्यांनी मालवणी आणि मराठवाडी बोली शहरातल्या रंगमंचावर ताठ उभी केली, त्यांना दंडवत. पण त्यानंतर मालिकावाल्यांनी काय केलं? बोली म्हणजे विनोदाचा मसाला, एवढंच उचललं. डॉक्टर, वकील, कलेक्टर कोणत्या मराठीत बोलतात? आणि शिपाई, हवालदार, घरकाम करणारी बाई? अपवाद आहेत, पण बोटावर मोजण्याइतके.

बोलीत हसूच येतं असं म्हणणाऱ्यानं उद्धव शेळक्यांची 'धग' वाचावी. १९६०ची कादंबरी, वऱ्हाडी संवाद. हसू येतं का बघा. सदानंद देशमुखांचं 'बारोमास' वाचावं. 'सैराट'मधली आर्ची करमाळ्याकडच्या बोलीत प्रेम करते, भांडते, ट्रॅक्टर चालवते. २०१६मध्ये अख्खा महाराष्ट्र शेवटी थिएटरातून सुन्न होऊन बाहेर पडला. कोणी हसलं का?

आता एक दुटप्पीपणा दाखवतो. आम्ही 'मी जेवण करून राहिलो' म्हटलं की लगेच निदान होतं, 'ही हिंदीची भेसळ'. ठीक. मग मुंबईच्या मालिकांत रोज रात्री कानावर पडणारं 'माझी मदत कर' काय आहे? मराठीत 'मला मदत कर' असतं. 'मी तिला बोललो' काय आहे? मराठीत 'म्हणालो' असतं. ही भेसळ नाही का? आहे. पण ती वातानुकूलित स्टुडिओतून, शहरी सुरात येते, म्हणून कोणाच्या कानाला टोचत नाही.

आणखी एक. जुन्या मास्तरांनी निबंधात 'केलं, गेलं' दिसलं तर लाल रेघ ओढली असती. 'केले, गेले' हवं. आज दैनिकांतले लेखच्या लेख 'केलं-गेलं'मध्ये छापून येतात. ही पोस्टही तशीच आहे. पुण्याकडचं बोलणं लिखाणात शिरलं तेव्हा भाषा 'ओघवती' झाली. आमचं शिरलं तर 'अशुद्ध' होते. वा रे न्याय!

काही मित्र म्हणतील, हसलं कोणी तर एवढं मनाला काय लावून घ्यायचं? भाऊ, प्रश्न मनाला लागण्याचा असता तर मी ही पोस्ट लिहिलीच नसती. प्रश्न पोटाचा आणि न्यायाचा आहे.

पहिलीतलं पोरगं उभं राहून 'सर, मले शाया आवडते' म्हणतं. केवढं मोठं वाक्य आहे ते! कोणत्याही गुरुजीचं पोट भरावं असं. पण उत्तर येतं, "मले नाही, मला. शाया नाही, शाळा." वर्ग हसतो. ते पोरगं खाली बसतं आणि पुढची चार वर्षं हात वर करत नाही. मग आपणच म्हणतो, ग्रामीण मुलांत आत्मविश्वास नाही. होता. पहिलीतच काढून घेतला.

तेच पोरगं मोठं होऊन इंजिनिअर होतं, मुलाखतीला जातं. विषय येतो, काम येतं, पण 'कम्युनिकेशन स्किल' कमी पडतं. हे स्किल म्हणजे नेमकं काय, ते कोणी सांगत नाही. माझ्या तालुक्यातल्या अशा पोरा-पोरींशी मी बोललोय. त्यांनी शहरात गेल्यावर सगळ्यात आधी काय शिकलं? गप्प बसायला.

आणि सगळ्यात गंभीर गोष्ट. इतकी वर्षं पोलीस ठाणी आणि कोर्टाच्या बातम्या करतो म्हणून सांगतो. बाई जबाब देते, "थो दारू पेऊन ये अन् मले मारे." आमच्या बोलीत 'ये' आणि 'मारे' म्हणजे यायचा आणि मारायचा. रोज. वर्षानुवर्षं. लिहून घेणारा बाहेरचा असला, घाईत असला, तर कागदावर उतरतं, 'आरोपीने दारू पिऊन येऊन फिर्यादीस मारहाण केली.' झालं! रोजचा छळ एका दिवसाची मारहाण झाला. कायद्याच्या नजरेत या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. उलटतपासणीत वकील विचारतो, "कोणत्या तारखेला मारलं?" ती म्हणते, "रोजच." मग तो म्हणतो, "जबाबात तर तसं नाही." खोटी कोण पडते? ती बाई. तिच्या क्रियापदात सगळी साक्ष होती. 'शुद्ध' करताना ती पुसली गेली.

आता कोणी म्हणेल, मराठी आणि बोली यात काही शास्त्रीय भेद असेलच ना? तेरेखोल नदीवर जाऊन बघा. अलीकडे सिंधुदुर्ग, पलीकडे गोव्याचं पेडणं. दोन्ही काठांवरची माणसं एकमेकांशी बिनदिक्कत बोलतात. अलीकडची ती मालवणी 'बोली', पलीकडची ती कोकणी 'भाषा'. कोकणीलाही कित्येक वर्षं मराठीची बोली म्हणून हिणवलं गेलं. १९७५मध्ये साहित्य अकादमीनं तिला मान्यता दिली, १९८७मध्ये गोव्याची राजभाषा झाली, १९९२मध्ये आठव्या अनुसूचीत गेली. आज तिच्यात सरकारी जाहिरात निघते आणि कोणी हसत नाही. नदीचं पाणी बदललं नाही, राजपत्र बदललं. तिकडं २०११च्या जनगणनेत खानदेशी ही मराठीहून वेगळी भाषा म्हणून मोजली आहे, अठरा लाखांवर बोलणारे. हे किती जणांना ठाऊक आहे? मोजणारा म्हणतो भाषा, हसणारा म्हणतो बोली.

ही उतरंड कुठंच थांबत नाही, हेही सांगून टाकतो. ज्या पुणेकराला वऱ्हाडी ऐकून हसू येतं, त्याच्या मराठीचं हिंदी सिनेमानं काय केलं? घरकामवाली बाई आणि पोटसुटा हवालदार यांची भाषा. तिथं आपण सगळे एका ओळीत गावठी. आणि आपण वऱ्हाडी काय धुतल्या तांदळाचे आहोत? मेळघाटातला कोरकू माणूस अकोटच्या बाजारात मराठी बोलला की आपण त्याची नक्कल करतो. त्याची कोरकू भाषा आपल्या मराठीच्या घराण्यातलीच नाही, तो परकी भाषा बोलतोय, तीही आपल्या सोयीसाठी. तांड्यावरची बाई बोलली की आपण हसतो. बिहारी मिस्त्री बोलला की हसतो. वरून मिळालेली लाथ खाली ढकलणं, याला अस्मिता म्हणत नाहीत.

"म्हणजे तुम्हाला प्रमाण मराठी नको?" हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. हवी. गडचिरोलीतल्या पोरानं लिहिलेलं सावंतवाडीत कळलं पाहिजे, त्यासाठी लिहायची एक सामाईक मराठी लागते. शासन निर्णय, पाठ्यपुस्तक, बातमी त्यात असावी. मीही बातमी तशीच लिहितो. माझ्या पोरांनाही ती आली पाहिजे, नव्हे उत्तम आली पाहिजे. पण ती हायवेसारखी आहे. सगळ्यांच्या सोयीचा रस्ता. हायवे आहे म्हणून कोणी आपल्या घरापुढची गल्ली खणून काढत नाही. आणि हायवेवर राहणाऱ्यानं गल्लीतल्याला अडाणी म्हणायचं कारण नाही. लिहिण्याचा नियम गळ्यावर लादू नका, एवढंच म्हणणं आहे.

गेल्या वर्षी, २०२५मध्ये, पहिलीपासून हिंदीच्या सक्तीवरून महाराष्ट्र पेटला. जूनअखेर सरकारला दोन्ही शासन निर्णय मागं घ्यावे लागले. चांगलं झालं. पण तेव्हा मातृभाषा, मातृभाषा म्हणून घोषणा देणाऱ्या सगळ्यांना माझा प्रश्न आहे. पहिलीतल्या पोरावर परकी भाषा लादणं चूक, हे तुम्हाला पटलं. मग त्याच पोराच्या मायची भाषा वर्गात चूक ठरवणं बरोबर कसं? मराठी माणसाला मुंबईत मराठी बोलता आली पाहिजे म्हणता. मग वऱ्हाडी माणसाला पुण्यात त्याची मराठी बोलता आली पाहिजे, हे कोण म्हणणार? २०११च्या जनगणनेत मराठीचे आठ कोटींवर बोलणारे भरतात, ते आम्हाला धरून. आकडा सांगताना आम्ही आत, बोलताना बाहेर, हे चालणार नाही.

मागणं फार नाही.

गुरुजींनो, पोराचं 'मले' खोडू नका. त्याच्याशेजारी 'मला' लिहा. घरी हे, वहीत ते. दोन्ही त्याची. ऐकू द्या वर्गाला.

पोलीस ठाण्यात आणि कोर्टात जबाब लिहिणाऱ्यांनो, बाईचे शब्द जसेच्या तसे लिहा. हवं तर कंसात प्रमाण मराठी द्या. पण आधी तिचे शब्द.

चॅनेलवाल्यांनो, आमचा शेतकरी बोलायला लागला की मागं ते टुंग-टुंग विनोदी संगीत लावणं बंद करा. तो कापसाच्या भावाबद्दल बोलतोय.

रील बनवणाऱ्या आमच्या पोट्ट्यांनो, हसवा, खुशाल हसवा. पण दहा रीलमागं एक तरी अशी करा, जिच्यात वऱ्हाडीत पीक विम्याचा अर्ज समजावून सांगितलाय, रक्तदाब म्हणजे काय ते सांगितलंय, नाहीतर एखाद्यानं आपलं खरं दुःख सांगितलंय. लोकांचा कान असाच बदलतो. उपदेशानं बदलत नाही, सवयीनं बदलतो.

आणि पुण्या-मुंबईच्या मित्रांनो, पुढच्या वेळी कोणी आमच्याकडचा माणूस तुम्हाला काही विचारेल, तेव्हा तो कसा बोलतो हे नंतर ऐका. काय विचारतो ते आधी ऐका. त्याला खोली पाहिजे असते. भाडं सांगा.